वारा बघून बोलणारे आमचे व्याही

जगात मोठ्याने बोलणारी माणसं पुष्कळ आहेत आणि हळू बोलणारीही पुष्कळ आहेत. पण वारा कुठून येतोय हे पाहिल्याशिवाय समोरच्याला 'जेवलात का?' एवढंही न विचारणारा माणूस साऱ्या कोकणपट्टीत एकच असावा, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा आहे. आमचे व्याही अंगणात आले की आधी बोट तोंडात घालून ओलं करतात, ते डोक्यावर उभं धरतात, नारळीच्या झावळ्यांकडे एक नजर टाकतात आणि मग तुम्हाला दंडाला धरून जरा इकडे, जरा तिकडे सरकवून वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं करतात. मग बोलतात. माझ्यावर हा प्रयोग पहिल्यांदा झाला तेव्हा मला वाटलं, यांना माझ्या शर्टाचा वास येतोय. आम्ही तळा गावची माणसं, आमचा वाऱ्याशी संबंध भात वारवण्यापुरता. बोलण्यासाठीही वारा लागतो हे मला वयाच्या साठीला कळलं.

व्याही जहाजावर सारंग होते. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. चाळीसेक बंदरांचं पाणी प्यायलेला हा माणूस एका खेपेहून परत येताना कुठल्याशा परदेशी जुन्या बाजारातून एक पितळी कर्णा घेऊन आला. हातभर लांब, तोंडाशी पेल्याएवढा आणि दुसऱ्या टोकाला ताटाएवढा. विहीणबाईंनी त्या खेपेला सोन्याची बोरमाळ सांगितली होती. पिवळं काहीतरी आणायचं एवढाच भाग व्याह्यांच्या लक्षात राहिला. आता गंमत अशी की, ज्या जहाजांवर त्यांनी हयात घालवली त्यांवर कर्णा कुणीच वापरत नव्हतं. तिथे वॉकीटॉकी होते, भिंतीभिंतीला स्पीकर होते. बोलायचा कर्णा हे शिडाच्या जहाजांच्या काळातलं हत्यार. पण व्याह्यांना त्याचं काही नाही. "मी जल्मलोच उशिरा," असं ते म्हणतात, आणि तेही असं की, चूक आईवडिलांची आहे आणि आपण ती मोठ्या मनाने पोटात घातली आहे. दर रविवारी चिंच लावून तो कर्णा घासला जातो. घरातली समई मात्र दिवाळीशिवाय चिंचेचं तोंड बघत नाही, हे विहीणबाईंनी मला सोयरीक ठरायच्या आधीच सांगून टाकलं होतं. गावातले लोक त्याला भोंगा म्हणतात आणि तेवढ्यावरून व्याही चिडतात. "भोंगा गिरनीचा. ह्यो कर्णा हाय. भोंगा नुसता बोंबलतो, कर्णा बोलतो."

या कर्ण्याचा इतिहास न ऐकता त्या घरातून चहा पिऊन कुणी सुटलेलं मला माहीत नाही. बंदरात जहाज लागलं की बाकीचे खलाशी बाजारात पांगायचे आणि हे एखादं दर्यावर्दी संग्रहालय शोधून काचेच्या कपाटासमोर उभे राहायचे, अशी त्यांची ज्ञानसाधना. माझ्या जावयाने मोबाइलवर व्हिडिओ लावायला शिकवल्यापासून तीत भरच पडली आहे. फार पूर्वी म्हणे कप्तान तोंडाभोवती नुसते हात धरून ओरडायचे. मग साडेतीनशे वर्षांमागे विलायतेतल्या एका साहेबाने आधी काचेचा कर्णा करून पाहिला, मग पितळेचा, मग तांब्याचा, आणि राजाच्या बागेत जाऊन तो खुद्द राजाला ऐकवला. तेवढ्यात रोममधला एक पाद्री उठला आणि म्हणाला, हे तर मी आधीच केलं होतं. या वादात आमचे व्याही पूर्णपणे साहेबाच्या बाजूचे आहेत. पाद्र्याचं नाव निघालं की शेजाऱ्याने कालच बांध सरकवल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. "पादरी शाना व्हता, मी न्हाय म्हनत न्हाय. पन त्याचा कर्णा भितीत बसवलेला. भित उचलून जहाजावर कसा चडनार?" एवढं बोलून ते चहाचा दुसरा कप मागतात.

पुढे मग वादळात डोलकाठीवर चढलेल्या खलाशांना शिडं गुंडाळायचा हुकूम कर्ण्यातून कसा जायचा, लढाईत शत्रूच्या जहाजाला शरण या म्हणून कर्ण्यातूनच कसं सांगायचे, बुडत्या माणसांना वाचवणाऱ्या कप्तानाला त्याचं नाव कोरलेला चांदीचा कर्णा कसा बक्षीस मिळायचा, हे सगळं ओघाने येतं. चांदीच्या कर्ण्यापाशी आल्यावर त्यांचा आवाज थोडा ओला होतो. त्यानंतर बिनतारी यंत्र आलं आणि कर्णे संग्रहालयात गेले. ज्या गृहस्थाने बिनतारी संदेशाचा शोध लावला त्याचं नाव त्या घरात घ्यायला बंदी आहे. माझ्या मुलीने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात अनवधानाने ते घेतलं आणि त्या दिवशी व्याह्यांनी मासळी असूनही वरणभात खाल्ला.

पण त्यांचा सगळ्यात लाडका भाग म्हणजे भर समुद्रात दोन जहाजांची गाठ. महिनोन्‌महिने पाण्याखेरीज काही न पाहिलेली दोन जहाजं समोरासमोर आली की शिडं जरा सैल सोडायची, आणि दोन्ही कप्तानांनी कर्णे उचलून विचारायचं: जहाज कोणतं? आलात कुठून? निघालात कुठे? ज्याला विचारलं त्याने आधी उत्तर द्यायचं, मग दुसरं काम. हा नियम व्याह्यांनी घराच्या फाटकाला लावून टाकला आहे. आम्ही मुलीला दाखवायला पहिल्यांदा त्यांच्याकडे निघालो ती गोष्ट सांगतो. बोर्ली पंचतनच्या बाजारात नारळ आणि पेढे घेतले, खाडीकडचा रस्ता धरला आणि गाव अजून दिसतही नव्हतं तोच नारळीपोफळीतून आकाशवाणी झाली, "गाडी कोनाची? आली कुठनं? जानार कुठं?" आमचा ड्रायव्हर घाबरून काच खाली करून ओरडला, "तळ्याची! मुलगी घेऊन आलोय!" त्यावर वरून, "डावीकडं वळा! उजवीकडं चिखल हाय!" बायकोने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "अहो, माणसं बरी आहेत ना?" मी म्हटलं, निदान रस्ता तरी खरा सांगतात. लग्नात तर वीज गेली तेव्हा याच माणसाने हॉलच्या दारात उभं राहून पाहुण्यांना कर्ण्यातून जेवायला बोलावलं आणि आमंत्रण नसलेली निम्मी आळी हात धुऊन पंगतीला येऊन बसली. सगळ्यांना पुरलं, म्हणून आज हसून सांगतो. पुढे एकदा आम्ही सगळे किहीमला गेलो असताना भरतीच्या पाण्यात खिदळणाऱ्या एका घोळक्याला यांनी कर्ण्यातून असं काही बाहेर बोलावलं की ती पोरं सरकारी माणूस समजून रांगेत उभी राहिली. त्यांना दम द्यायचं सोडून व्याह्यांनी प्रत्येकाला कुठून आलात आणि कुठे निघालात हे विचारलं, समाधान झाल्यावर "बरं, सुखरूप जा" म्हणून सोडून दिलं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, असतो एखाद्याला नाद. पण हे सगळं पलीकडच्या आगवाल्यांशिवाय अर्धवट आहे. व्याह्यांचं घर खाडीच्या अलीकडच्या, म्हणजे समुद्राकडच्या काठावर. समोरच्या, डोंगराकडच्या काठावर एक पांढरं घर, आणि त्यात व्याह्यांच्याच जहाजावर इंजिनखोलीत आयुष्य काढलेले एक मुसलमान गृहस्थ. जुन्या काळी भट्टीत कोळसा टाकणाऱ्याला आगवाला म्हणत. भट्ट्या गेल्या, तेलाची इंजिनं आली तरी हाक तीच राहिली. अख्खी पंचक्रोशी त्यांना चाचा म्हणते, व्याही मात्र आगवाले म्हणतात आणि ते व्याह्यांना सारंग म्हणतात. इंजिनांच्या धडधडाटात आगवाल्यांचे कान जवळजवळ कामातून गेले आहेत. फोनवर त्यांना काही उमजत नाही. त्यांच्याजवळ बोर्लीच्या पत्रेवाल्याकडून करून घेतलेलं मोठं पत्र्याचं नरसाळं आहे. बोलताना ते तोंडाला लावतात आणि ऐकताना उलटं करून कानाला. व्याही या नरसाळ्याला कर्णा म्हणायला तयार नाहीत, पण मोठेपणा दाखवून चालवून घेतात.

आता यातली खरी अडचण अशी की, कर्णा कितीही चांगला असला तरी आवाज वाऱ्यावर बसूनच जातो. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो तो व्याह्यांकडून आगवाल्यांकडे. पहाटे डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा येतो तो आगवाल्यांकडून व्याह्यांकडे. म्हणजे व्याह्यांनी बोलायचं संध्याकाळी, आणि आगवाल्यांनी उत्तर द्यायचं दुसऱ्या दिवशी पहाटे. वर्षानुवर्षं या दोघांचा संवाद असा चालला होता. संध्याकाळी ओट्यावरून हाक जायची, "आगवाले होऽऽ! आज जिताडा गावला! तुमच्याकडं काय?" आणि सकाळी चहाच्या वेळी खाडीवरून उत्तर यायचं, "सारंग होऽऽ! काल आमच्याकडं नुसती डाल व्हती!" त्या जिताडा माशाचा तोवर काटाही शिल्लक नसायचा. मी पहिल्यांदा तिथे मुक्कामाला राहिलो तेव्हा उजाडता उजाडता कुणीतरी खदखदा हसतंय म्हणून दचकून उठलो. मुलगी म्हणाली, "काही नाही आप्पा. काल संध्याकाळी बाबांनी विनोद सांगितला होता ना, त्याचं आहे ते." पावसाळ्यात तर आणखी मजा. चार महिने वारा एकाच बाजूचा, समुद्राकडून डोंगराकडे. व्याही रोज बोलणार, आगवाले रोज ऐकणार आणि उत्तर मनात साठवून ठेवणार. मग दसरा उलटला, मतलई सुटला की आगवाले मृगातल्या प्रश्नापासून क्रमाने उत्तरं द्यायला बसणार. भाताची लावणी झाली का, या प्रश्नाचं उत्तर कापणी चालू असताना यायचं, आणि व्याही मान डोलावून ते ऐकून घ्यायचे. दोन्ही काठांवरची गावं या संभाषणाला इतकी सरावली होती की, सुकत घातलेली मासळी गोळा करणाऱ्या बायका संध्याकाळी हात थांबवून ऐकायच्या आणि आपापसात उत्तराचा अंदाज बांधायच्या. फक्त विहीणबाईंची तक्रार असायची. "घरात काय शिजलं त्ये सगल्या खाडीला कलतं. ह्यांना आवडला का नाय त्ये मना सकाली पलीकडनं कलतं."

तुम्हाला वाटेल, मग हे दोघं होडीत बसून भेटत का नाहीत? भेटायचे की. गणपतीला ते इकडे यायचे, ईदला हे तिकडे जायचे. एका ईदला मीही बरोबर होतो. आगवाल्यांनी दारात येऊन आम्हाला मिठी मारली, शीरखुर्मा आला, पंखा लागला, आणि मग हे दोन जिवलग एकमेकांसमोर खुर्च्या टाकून जे गप्प बसले ते बसलेच. व्याह्यांनी एकदा छताकडे पाहिलं. आगवाल्यांनी एकदा "बरं हाय ना?" विचारलं, व्याह्यांनी "बरं हाय" सांगितलं. मी बापडा मध्ये बसून पावसापाण्याचं काढत राहिलो. शेवटी व्याही एकदम उठले आणि म्हणाले, चला, वारा फिरायला आला. होडीवाल्याला घाई करकरून आम्ही अलीकडे पोचलो, व्याह्यांनी चपलाही न काढता कर्णा उचलला आणि खाडीवर आवाज सोडला, "आगवाले होऽऽ! आज गप्पांना लई मजा आली!"

यंदा आंब्याच्या शेवटी शेवटी मी काजू आणि दोन फणस घेऊन गेलो तेव्हा पहिल्यांदाच फाटकात मला कुणी काही विचारलं नाही. व्याही ओट्यावर बसून होते. विहीणबाईंनी आत नेऊन हळूच सांगितलं की, आगवाल्यांचा मुलगा नवी मुंबईत असतो, ट्रकचा धंदा आहे, नवीन घर झालंय, आणि तो पावसाआधी बापाला कायमचं न्यायला येतोय. चाची दोन वर्षांमागे गेल्यापासून म्हातारा माणूस त्या घरात एकटा. मुलाचं काही चुकत नव्हतं, आणि तेच व्याह्यांना सोसत नव्हतं. चूक कुणाची असती तर ते कर्ण्यातून बोलले असते. भर समुद्रात दोन जहाजं भेटली तर खासगी काही बोलायची रीत नाही, असं त्यांचंच मत. आणि 'जाऊ नका' याहून खासगी ते काय असतं? शिवाय दोन गावं कान लावून बसलेली. दुसरीकडे पावसाचा वारा एकदा बसला की उत्तर मिळायची सोय नाही. मतलई आता आज आहे, उद्या नाही, असा झाला होता. दोन दिवस ते बोट ओलं करून नुसते वारा बघत राहिले. तिसऱ्या संध्याकाळी मी चहा घेत असताना ते उठले, खांबाला टेकवलेला कर्णा घेतला आणि पायरीच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

"आगवाले होऽऽ!" पलीकडे पांढऱ्या घराच्या दारात एक ठिपका हलला आणि त्याने नरसाळं कानाला लावलं. "आगवाले, तुमी शेराला निगालात असं आयकलं! तिथं वारा न्हाय! असला तर बिल्डिंगला आपटून मागं येतो! मानूस बोलतो आनि त्यालाच आयकू येतं! लिफ बंद पडली तर दहाव्या माळ्यावर काय खानार? तिथं जिताडा बर्फातला! त्याचे डोले पांढरे!" असं बराच वेळ चाललं. नवी मुंबईची इतकी बदनामी मी आजवर ऐकलेली नाही. काठावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग व्याही थांबले. कर्णा खाली घेतला, पुन्हा वर नेला. आणि सगळ्या खाडीला ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आगवाले. जाऊ. नका." बायकांचं हसणं थांबलं. ठिपका तसाच उभा राहिला. व्याही मागे वळले आणि कुणाकडे न बघता आत गेले, जेवलेही नाहीत.

सकाळी आम्ही सगळेच उजाडायच्या आत ओट्यावर. झावळी हलत नव्हती. पाणी आरशासारखं, आणि जी काही झुळूक येत होती ती समुद्राकडूनच. पलीकडे आगवाले पाण्याच्या कडेला येऊन उभे होते, नरसाळं तोंडाला लावून. ते बोलत होते हे दिसत होतं. मान हलत होती, मोकळा हात हलत होता, आणि आमच्यापर्यंत एक अक्षर पोचत नव्हतं. व्याह्यांनी कर्णा उलटा करून कानाला लावला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने मान हलवली. मला त्यांच्याकडे बघवेना. मुलगी म्हणाली, "बाबा, फोन लावू? त्यांना ऐकू नाही आलं तरी तुम्हाला त्यांचं कळेल." व्याही म्हणाले, "ह्या सवालाचा जबाब फोनवर घ्यायचा नसतो गो." मग एकदम माझ्याकडे वळले. "व्याहीबुवा, होडी काडतो. तुमीपन चला. न्हायतर आमी दोगं परत नुसते बसून राहू." मी धोतरासकट होडीत चढलो. विशेष म्हणजे कर्णा त्यांनी बरोबर घेतला नाही.

आम्ही पलीकडे लागलो तरी आगवाले तसेच उभे होते. व्याही चिखलातून त्यांच्यासमोर जाऊन थांबले. आगवाल्यांनी नरसाळं खाली केलं आणि बोलू लागले. त्यांचा साधा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. इतका बारीक, मऊ आवाज त्या देहात असेल असं कुणाला वाटलं नसतं. म्हणाले, "सारंग, माज्या नातीला चौथं वरीस लागलं. मी तिचा आवाज आजून आयकलेला न्हाय. मोबाइलवर तिचे होट हलताना दिसतात. ईदला आली, ह्या नरसाल्यात वरडली. मला वरडनं आयकू आलं, बोलनं न्हाय. पोरगा म्हनतो तिथं डाक्टर कानात मशीन बसवतो." मग नरसाळं काखेत धरून म्हणाले, "तुजं मला समजतं, कारन तू काय बोलनार त्ये मला आदीच ठावं असतं. ती काय बोलनार त्ये मला ठावं न्हाय."

पावसापाण्याचं काढावं असं माझ्या मनात आलं, पण जमलं नाही. व्याह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वारा न बघता आगवाल्यांच्या कानाजवळ तोंड नेलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा तू. लवकर जा." मग दोघं तिथेच उलट्या घातलेल्या होडीवर बसले आणि बोलले. किती वेळ बोलले ते मला सांगता येणार नाही, कारण मी आपण होऊन लांब जाऊन उभा राहिलो. दोघांचेही हात हलत होते. मध्येच एकदा दोघं एकाच वेळी हसले, आणि ते हसणं मला फार नवीन वाटलं.

आगवाले गेले त्या दिवशी मी अजून तिथेच होतो. संध्याकाळी पलीकडच्या रस्त्यावर मुलाची गाडी लागली, सामान चढलं. अलीकडच्या काठावर गाव जमलं होतं. सारंग आज काय बोलणार म्हणून पोराबाळांसकट माणसं आली होती. आगवाले गाडीत बसायच्या आधी पाण्यापर्यंत आले आणि नरसाळं कानाला लावून उभे राहिले. खारा वारा असा सुटला होता की झावळ्या एकमेकींवर आपटत होत्या आणि विहीणबाईंना डोक्यावरचा पदर दाताखाली धरावा लागत होता. व्याही पायरीवर उभे होते, कर्णा हातात. त्यांनी तो अर्ध्यावर नेला, आणि परत खाली आणला. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "वारा पडलाय आज. पोचायचं न्हाय." मी म्हटलं, "हो, पडलाय खरा." त्यांनी नुसता हात वर केला. पलीकडूनही एक हात वर झाला, आणि मग गाडी गेली.

त्यानंतर पावसाळा आला. पांढऱ्या घराला कुलूप आहे. दोन्ही काठांवरच्या बायका अजूनही संध्याकाळी सवयीने हात थांबवतात आणि मग आपल्याशीच हसतात. व्याही काही खचून वगैरे गेलेले नाहीत. पाद्र्यावर राग कायम आहे आणि फाटकातली चौकशीही पुन्हा सुरू झाली आहे. पण ओट्यावर त्यांच्याशेजारी बसलं की मला आपलं उगाच समोर बघवत नाही. त्या घरी मी माझ्या लेकीइतकाच या दोन म्हाताऱ्यांसाठी जायचो, हे मला आता कळतंय.

गौरीच्या वेळी गेलो तेव्हा व्याही आतल्या खोलीत फोन कानाला लावून बसले होते. आगवाल्यांच्या कानात यंत्र बसलंय, आणि सारंगच्या आवाजाने ते शिट्टी मारतं, म्हणून हळू बोलायची ताकीद आहे, असं मुलीने मला बाहेर सांगितलं. पण व्याही हळूही बोलत नव्हते, काहीच बोलत नव्हते. पलीकडे आगवाल्यांनी फोन नातीच्या हातात दिला होता आणि ती चिमुरडी न थांबता काहीतरी सांगत होती, शाळेचं, मांजराचं, कुणी कुणाला ढकललं त्याचं. दारातून मला तिच्या आवाजाची नुसती किणकिण येत होती. व्याही डोळे मिटून ऐकत होते. मला पाहून त्यांनी गप्प बसायची खूण केली. तिकडून तिने काही विचारलं असावं, कारण ते जरा पुढे झुकले आणि ऐकायला मला दारातून दोन पावलं आत जावं लागलं अशा आवाजात म्हणाले, "व्हय गो बाय, येतंय आयकू. तू बोल."